४०० बोंडांचा एक किलो

मागच्या दिवाळीत गावी गेले होते. आमचं गाव यवतमाळकडचं, दारव्हा तालुक्यात. भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, टेकडाच्या तुकड्यात कापूस फुटलाय, वेचणीला बाया येणार आहेत, चल. हा तुकडा म्हणजे दोन एकर मुरमाड जमीन, पाणी धरत नाही, दर वर्षी तिथं हायब्रीड लावायचं आणि सप्टेंबरात पाऊस ताणला की ते लाल पडताना बघत बसायचं. म्हणून त्या वर्षी दादानं तिथं देशी कपाशी पेरली होती, सरळ वाण, म्हणजे हायब्रीड नसलेलं, ज्याचं बी घरचं ठेवता येतं, दोन फुटांवर तास, म्हणजे ओळ, आणि झाडं जवळजवळ. झाडं मस्त होती हो. पानांवर तुडतुड्यांचा लालपणा नाही, फवारणी नावापुरती एकच झालेली, आणि कमरेएवढ्या झाडावर खालपासून वरपर्यंत पांढरी फुटलेली बोंडं. मला तर बघूनच भरून आलं. तेवढ्यात काकू आल्या, मागं चार बाया. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या, मला कडेवर खेळवलेल्या, तीस-पस्तीस वर्षं आमच्याकडं वेचणीला येणाऱ्या. त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहूनच एक बोंड तोडलं, तळहातावर घेतलं, अंगठ्यानं दाबलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोरी, हे बोंड हाये का बोर हाये? याच्यात आमाले रोज नाई पडत." म्हणजे यात दिवसाची मजुरी सुटत नाही. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पदर खोचला आणि पाचही जणी धुरा ओलांडून पलीकडच्या वावरात गेल्या, तिथं हायब्रीड होतं, चांगलं टपोरं.

दादा काहीच बोलला नाही. मी पण नाही.

खरं तर मलाच बोलता यायला हवं होतं, कारण त्या बोंडाच्या वजनावर मी आयुष्यातली दोन वर्षं घालवली आहेत. अकोल्याला एमएस्सी करताना माझा विषयच तो होता, कपाशीतले उत्पन्नाशी जोडलेले गुण. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं निवडायची, त्यांना लेबल बांधायची आणि मग पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत त्या पाच झाडांच्या मागं लागायचं. उंची मोजा, गळफांद्या, म्हणजे बुडाशी फुटून नुसत्या वाढणाऱ्या फांद्या मोजा, फळफांद्या मोजा, झाडावरची बोंडं मोजा, बोंडाचं वजन घ्या, १०० सरक्यांचं वजन घ्या, रुई आणि सरकी वेगळी करून उतारा काढा, म्हणजे शंभर किलो कापसात रुई किती ते. उत्पन्न नावाचा एक जीन नसतो, हे पहिल्या सेमिस्टरला कळतं. त्यामागं खूप सारे जीन असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा, आणि वर पाऊस, जमीन, खत यांचा हात. त्यामुळं थेट उत्पन्न बघून झाड निवडलं तर फसायला होतं, ते झाड जातीनं चांगलं होतं का नुसतं उकिरड्याच्या मातीवर उगवलं होतं ते कळत नाही. म्हणून मग त्याचे तुकडे पाडायचे, बोंडं किती, एक बोंड केवढं, बोंडात सरक्या किती, सरकीवर रुई किती, आणि कुठला तुकडा उत्पन्नाला खरंच वर ओढतो ते हिशोबानं बघायचं. माझ्याकडं बोंडांची संख्या आणि उत्पन्न यांचं नातं सगळ्यात घट्ट आलं होतं, बोंडाचं वजन त्याच्यामागं. बहुतेकांचं असंच येतं. आणि या दोघांचं आपसात मात्र जमत नाही, बोंडं वाढली की बोंड लहान होतं, कारण झाडाकडं द्यायला शेवटी जेवढी साखर आहे तेवढीच आहे. हे मी त्या वेळी पाठच केलं होतं, संख्या वाढवा, वजन थोडं घटलं तरी चालेल, झाडागणिक उत्पन्न वाढतं.

चालेल, पण कुणाला चालेल? हा कॉलम माझ्या वहीत नव्हता.

त्या रात्री लवकर झोप येईना. लहानपणी दिवाळीनंतर आमच्या माजघरात छतापर्यंत कापूस असायचा, आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो. त्याचा एक वास असतो, उन्हाचा, थोडा तेलकट, सरकीचा असणार तो, आणि मध्येच सुकलेल्या पानांचा कुबट वास. दोन दिवस बरं वाटायचं, मग अंगाला खाज सुटायची, मानेवर पुरळ यायची आणि आई खोबरेल लावून अंगणात काढायची. वेचायला पण जायचो आम्ही. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या दिवशी आधी दहीभाताचा नैवेद्य, तो झाल्याशिवाय बोंडाला हात नाही, आणि मग कमरेला ओटी बांधून एकेक तास धरायचं. बघणाऱ्याला वाटतं कापूस म्हणजे मऊ काम. पण फुटलेल्या बोंडाच्या वाळलेल्या कवचाची टोकं सुईसारखी असतात, नखाच्या कडेला बरोबर घुसतात, दुपारपर्यंत बोटांवर रक्ताच्या बारीक रेघा. काकूंच्या बोटांना ते काही होत नसे, त्यांची कातडीच तशी झाली होती. त्या दोन्ही हातांनी वेचायच्या, डावा एका झाडावर, उजवा दुसऱ्यावर, आणि बोंडाचे चारही कप्पे एका झटक्यात मोकळे, पानाचा चुरा नाही, किडक्या कापसाची कवडी नाही. मी एका बोंडाशी झटापट करेपर्यंत त्या दहा झाडं पुढं. संध्याकाळी झाडाच्या फांदीला काटा टांगून बाबा वजन करायचे आणि काकू काट्याकडं न बघता सांगायच्या, अडतीस भरन. भरायचे सदतीस-अडतीसच.

सकाळी उठून मी एक काम केलं. आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, टेकडाच्या तुकड्यातली १०० बोंडं वेचली आणि पलीकडच्या वावरातल्या काकांना विचारून तिथली हायब्रीडची १००. देशीचा कापूस भरला २४५ ग्रॅम. हायब्रीडचा ४४०. म्हणजे देशीचा एक किलो व्हायला ४०० च्या वर बोंडं लागतात आणि हायब्रीडचा सव्वादोनशे-दोनशे तीसमध्ये होतो. आमच्याकडं वेचणी किलोवर असते, तेव्हा किलोला दहा रुपये चालले होते. काकू हायब्रीडमध्ये दिवसाला चाळीस किलो वेचतात, म्हणजे एका दिवसात नऊ हजार बोंडं, नऊ हजार वेळा बोटं त्या टोकांमधून आत जाऊन बाहेर येतात. तेवढीच नऊ हजार बोंडं त्यांनी आमच्या तुकड्यात वेचली तर बावीस किलो. चारशेच्या जागी दोनशे वीस रुपये. शिवाय झाडं दाट, वाकायला जागा कमी, आणि देशीचा कापूस बोंडात घट्ट राहत नाही, वारं आलं की लोंबतो आणि खाली मातीत पडतो, तो झटकून घ्यायचा. मी कागदावर हा हिशोब मांडून बराच वेळ बसले होते. काकूंनी तो धुऱ्यावर अंगठ्यानं दाबून पाच सेकंदात केला होता.

आणि एकदा हे दिसलं ना, की मग मागचं बरंच काही वेगळं दिसायला लागतं. वेचणारीला जे बोंड परवडत नाही ते शेतकऱ्याला पेरता येत नाही, जात कितीही गुणी असो. आपण म्हणतो देशी कपाशी मागं पडली कारण धागा आखूड, गिरण्यांना लांब धागा हवा होता, आणि ते खरंच आहे, शंभरएक वर्षांपासून सगळा जोर अमेरिकन कपाशीवर गेला तो त्यासाठीच. पण बोंड पण मोठं होतं ना तिचं. मग १९७० साली गुजरातेत सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी हायब्रीड-४ काढलं, जगातलं पहिलं व्यापारी पातळीवर लावलं गेलेलं कापसाचं हायब्रीड, आणि दोनच वर्षांनी धारवाडला डॉ. कटारकींनी वरलक्ष्मी. मग आपल्या नांदेडचं एनएचएच-४४, ज्यानं ऐंशी-नव्वदच्या दशकात अख्खा मराठवाडा आणि विदर्भ व्यापला, आमच्या घरी पण तेच असायचं, बाबा नुसतं ‘चव्वेचाळीस’ म्हणायचे. हायब्रीडमध्ये दोन वेगळ्या आईबापांचा जोम एकत्र येतो आणि तेव्हा पहिल्यांदा हे झालं की बोंडं पण जास्त आणि बोंड पण मोठं. जे माझ्या तक्त्यात एकमेकांच्या विरुद्ध होतं ते दोन्ही एका झाडावर. काकू अजून आठवण काढतात चव्वेचाळीसची.

फक्त तो जोम एकाच पिढीचा असतो. सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली की गुण फुटतात, एक झाड आजोबासारखं, एक आजीसारखं, कुणाचाच कुणाला मेळ नाही. म्हणून दर वर्षी नवीन बियाणं आणि दर वर्षी कुणीतरी ते हातानं बनवायचं. हे काम मी केलंय. दुपारी चारच्या सुमाराला उद्या उमलणारी कळी शोधायची, अंगठ्याच्या नखानं बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची सगळी नळी अलगद फिरवून उपसायची, आतला स्त्रीकेसर नुसता उघडा राहतो, इवलासा, हिरवट. नख जरा खोल गेलं की कळी गेली. मग त्याला खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत नराचं फूल आणून त्याचे परागकण त्याला लावायचे. कपाशीचं फूल एकच दिवस असतं, सकाळी फिकट लोण्यासारखं पिवळं, संध्याकाळपासून गुलाबी व्हायला लागतं, दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतं. आमच्या प्लॉटवर मी दिवसाला शंभरएक कळ्या करायचे आणि हात दुखतात म्हणून रडायचे. बीजोत्पादनाच्या वावरांत हेच काम बाया आणि पोरी करतात, दोन-दोन महिने, रोज माझ्या कितीतरी पट कळ्या. म्हणजे ज्याला आपण हायब्रीडचा जोम म्हणतो, तो बायांच्या अंगठ्याच्या नखातून सुरू होतो आणि बायांच्याच बोटांवर येऊन वेचला जातो. मधल्या सगळ्या कॉलमांत त्या कुठंच नाहीत, याचा मला खरंच त्रास होतो.

बियाणं विकणाऱ्यांना मात्र हे आपल्याआधी कळलं होतं असं मला आता वाटतं. कृषी केंद्राबाहेर लागलेले बोर्ड आठवून बघा. टपोरे बोंड, वेचायला सोपे. हे वाचून विद्यापीठात आम्ही म्हणायचो ही नुसती जाहिरात आहे, याला आकडा काय? आकडा काकूंच्या ओटीत होता. २००२ नंतर बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारा जीन घातलेली कपाशी, आलं तेही आपल्याकडं सरळ वाणात नाही, हायब्रीडमध्येच आलं, मोठ्या बोंडाच्या, उशिरापर्यंत चालणाऱ्या. बोंडअळी थांबली आणि बोंडं झाडावर टिकली, उत्पन्न वाढलं, ती वर्षं मी घरात बघितली आहेत, आमच्या घराचा स्लॅब त्या कापसातून पडलाय, त्यामुळं मी त्याला सरसकट वाईट म्हणू शकत नाही. पण पीक जितकं लांबत जातं तितकी गुलाबी अळीची सोय होते, वर फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही झाडं ठेवून आणखी पीक घेतलं, तर मार्चपर्यंत तिला घर मिळतं. २०१७ साली जे झालं ते आमच्याकडं कुणालाच सांगायला नको. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड दादा फोडायचा आणि आत अळी, एक कप्पा चांगला, दोन सडलेले, त्याला कवडीशिवाय काही भाव नाही. बोंड मोठं होतं, आणि आत काहीच नव्हतं. त्यानंतरच दादानं देशीचं, कमी दिवसांच्या जातींचं, दाट लागवडीचं बोलायला सुरुवात केली.

दाट लागवडीमागचा विचार मला मनापासून पटतो. जुन्या पद्धतीनं तीन फूट बाय दोन फुटांवर एकरी साडेसात हजारांच्या आत झाडं बसतात, म्हणून प्रत्येक झाडानं चाळीस-पन्नास बोंडं द्यावी ही अपेक्षा आणि त्यासाठी ते डिसेंबर-जानेवारीपर्यंत जगवायचं. दोन फुटांवर तास आणि चार इंचांवर झाड धरलं की तीच संख्या साठ हजारांच्या पुढं जाते, मग एका झाडाला आठ-दहा बोंडं आली तरी पुरे, ती पण एकदमच येतात, जमिनीतली ओल संपायच्या आत. पण त्यासाठी झाडच वेगळं लागतं. गळफांद्या नकोत, फळफांद्या आखूड हव्यात, पान अरुंद, भेंडीच्या पानासारखं कापलेलं असेल तर खालपर्यंत ऊन जातं. पानाचा तो आकार एका जीनवर चालतो, माझ्या प्लॉटमध्ये क्रॉस केल्यावर मधल्याच आकाराची पानं आली होती आणि मला ते बघून इतका आनंद झाला होता की मी रिक्षा करून आईला फोन करायला एसटीडी बूथवर गेले होते. गुण असे डोळ्यांना दिसतात तेव्हा फार छान वाटतं. उत्पन्न तसं दिसत नाही.

आणि एक गुण दुसऱ्याला धरून असतो, हे तर सगळ्यात अवघड. उत्पन्न वाढवायला गेलं की धाग्याची ताकद कमी होते, ताकद धरली की उत्पन्न उतरतं, ही गाठ जगभरच्या कपाशीत आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात फ्लॉरेन्स नावाच्या गावी कल्प आणि हॅरेल या दोघांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं, निवडलेली झाडं पुन्हा पुन्हा आपसात संकरत राहिले, दर पिढीत जीन थोडे थोडे सुटे होत गेले आणि ती गाठ सैल झाली. पूर्ण सुटली नाही, सैल झाली. आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत पुढं एकच शब्द लिहिला होता, धीर. दुसरी अशीच एक गोष्ट मला कायम थक्क करते. अमेरिकन कपाशी ही मुळात दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन कुळं एकत्र येऊन झालेली, एक आपल्या देशी कपाशीच्या गोतातलं, २६ गुणसूत्रांचं, आणि एक अमेरिकेतलं जंगली, तेही २६ चं, म्हणून हिची ५२. त्या जंगली कुळाच्या सरकीवर कातण्याजोगी रुईच नसते. पण १९९८ मध्ये कुठला जीन कुठं बसलाय याचे नकाशे काढले तेव्हा दिसलं की धाग्याच्या चांगल्या गुणांचे बरेच जीन त्याच बिनरुईच्या कुळाकडून आलेल्या गुणसूत्रांवर बसलेत. ज्याच्याकडं काहीच नाही असं वाटत होतं त्याच्याकडून.

काकूंकडं मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. चहा झाला, गुडघ्याच्या गोळ्यांचं झालं, नातवाच्या ॲडमिशनचं झालं. मग दादानं सांगायला सांगितलं होतं ते सांगितलं, की आमच्या तुकड्यात किलोवर नको, रोजानं या, तीनशे रुपये. त्यात दादाला फारसं काही उरत नव्हतं, मला माहिती होतं, जिनवाला, म्हणजे कापसातून सरकी काढणारा कारखानदार, देशीचा उतारा चांगला पडतो हे मुठीत घेऊन ओळखतो पण तो जास्तीचा उतारा बहुतेक वेळा त्याच्याच पदरात जातो, आपल्याला सरकीसकट कापसाचाच भाव मिळतो. पण फवारणीचा खर्च वाचला होता आणि बियाणं घरचं होणार होतं, त्यातून द्यायचं असं ठरलं. काकू म्हणाल्या, "रोज पडत असन तं येतो, बोंडाशी आमचं वैर थोडीच हाये."

दुसऱ्या दिवशी आल्या. मी त्यांच्या शेजारचं तास धरलं. थंडी होती, दव होतं म्हणून नऊ वाजेपर्यंत थांबलो, ओला कापूस वेचत नाहीत. वेचता वेचता मी त्यांना सांगितलं, काकू, तिकडं मेघालयात गारो टेकड्या आहेत ना, तिथं एक देशीच कपाशी आहे, तिचं बोंड बोटाएवढं लांब असतं, रुई पण भरपूर निघते. त्यांचे हात चालूच. "मंग तेच आनत कावून नाई?" म्हटलं, धागा फार आखूड आणि जाडाभरडा असतो तिचा, सुताला चालत नाही. आपल्या देशीसोबत संकर करून बघतात, बोंड मोठं होतं पण धागा घेऊनच येतो ना सोबत, मग पुन्हा निवडायचं, पुन्हा लावायचं. परभणीच्या लोकांनी देशीत लांब धागा आणून दाखवलाय, तसं बोंडाचंही होईल. "किती वर्सं?" म्हटलं, आठ-दहा तरी लागतात एका जातीला. काकू काही बोलल्या नाहीत, पुढच्या झाडावर गेल्या. माझ्या उजव्या अंगठ्याच्या कडेला टोक घुसलं होतं, मी ते तोंडात धरलं, रक्ताची आणि कापसाच्या धुळीची चव.

संध्याकाळी दादानं गाठोडी काट्याला लावली. रोजानं ठरलं होतं, तरी सवयीनं वजन केलंच, वहीत लिहायला. काकू हात धुवत होत्या, काट्याकडं पाठ होती.

"बावीस-तेवीस भरन," त्या म्हणाल्या.

चोवीस भरले.